आधी भिंत, मग कपाट

बीड जिल्ह्यातल्या धारूरमध्ये ‘इंटेरिअर’ हा शब्द अलीकडचा. त्याआधी लोक ‘आतलं काम’ म्हणायचे, आणि अजूनही बरेच जण ‘फर्निचर करायचंय’ एवढंच म्हणतात. त्या एका शब्दात फरशी, रंग, ओटा, लाईट फिटिंग, पीओपी, कपाटं, पडदे असं सगळं कोंबलेलं असतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. स्लॅब पडतो, प्लास्टर होतं, हातात तीन-चार लाख उरतात. मग घरातलं एखादं पोरगं मोबाईलवर फोटो दाखवतं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : एवढ्यात बसंल का? फोटो बघून ते कळत नाही. त्यासाठी एक वही, एक टेप आणि एक रिकामी संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ कशी घालवायची, तेवढंच इथं सांगायचं आहे.

हिशेबाचा एक धडा गावातच उभा आहे. आदिलशाही सरदार किश्वरखानानं १५६७च्या सुमारास बांधलेला धारूरचा किल्ला बालाघाटाच्या कडेवर बसवला आहे. जिथं दरी आहे तिथली राखण दरीवर सोपवलेली, आणि जिथं सपाटी आहे तिथं खंदक खोदून चिरा-चुना ओतलेला. पैसा कुठं घालायचा हे बांधणाऱ्याच्या हौसेनं नाही, जमिनीनं ठरवलं. घराच्या आतल्या कामाला हीच नजर लागते. फुकटात काय मिळालंय, ते आधी बघायचं.

आपल्याकडच्या जुन्या माळवदात फर्निचरचा खर्च जवळजवळ शून्य असायचा. घर खणांत मोजलं जायचं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. पाच-सहा फुटांचा, गावागणिक थोडा कमी-जास्त. ‘सात खणांचं घर’ म्हटलं की गवंड्याला दगड, सुताराला तुळया-कड्या आणि घरमालकाला खर्च, तिन्ही एकदम कळायचं. भिंती दोन-अडीच फूट जाड असायच्या. त्या जाडीतच दिवळ्या होत्या, फडताळ होतं, खुंट्या होत्या, धान्याचं बळद होतं. उतरंड कोपऱ्यात, अंथरुणं वळणीवर. सामान भिंतीच्या पोटात असायचं, खोलीत माणसं असायची.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गोट्या-मातीच्या भिंती आणि वरची मातीची ओझी अंगावर येऊन हजारो माणसं गेली. माळवदाखाली झोपायची भीती त्यानंतर साऱ्या मराठवाड्याच्या मनात बसली, आणि जो तो कॉलम-स्लॅबकडे वळला. ते बरोबरच झालं. पण विटेची भिंत चार किंवा नऊ इंचांची. तिच्या पोटात काही मावत नाही. जे भिंतीत होतं ते सगळं कपाट, शोकेस, लॉफ्ट, ट्रॉली होऊन खोलीत उतरलं, आणि प्रत्येकाचं वेगळं बिल येऊ लागलं. माझ्या मते आतल्या कामाचं बजेट म्हणजे मुख्यतः हीच रक्कम : जुनी भिंत जे काम फुकट करायची, त्याची किंमत. म्हणून प्लास्टर व्हायच्या आधी, भिंती कोऱ्या असतानाच वही उघडावी. बहुतेक जण ती रंगवाला दारात आल्यावर उघडतात.

वहीच्या पहिल्या पानावर दर लिहायचे नाहीत. घरात आज जे आहे ते लिहायचं, टेप लावून. लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि एकोणीस इंच खोल असतं. ते आंदणात आलेलं असो वा हप्त्यानं घेतलेलं, ते कुणी टाकून देत नाही. मग नव्या बेडरूमच्या फोटोत ते कुठंच का दिसत नाही? दिवाण, शिलाई मशीन, फ्रिज, देव्हारा, पाण्याचे ड्रम आणि कुलर हेही त्याच पानावर. आणि धान्य. शहरातल्या कुठल्याही नकाशात पाच पोती ज्वारी आणि तीन पोती गव्हाला जागा नसते. आपल्या घरात ती लागतेच. ती आधी ठरवली नाही तर पोती पहिल्याच वर्षी नव्या सोफ्यामागं जाऊन बसतात.

जुनं माळवद पाडून त्याच जागी घर बांधणाऱ्यांनी आणखी एक नोंद करावी : निघालेलं लाकूड. सागाच्या तुळया आणि कड्या असतील तर त्यातून चौकटी, देव्हारा, एखादं बाकडं सहज निघतं. फक्त सॉ मिलवर नेण्याआधी घरच्याच कुणाकडून त्यातले खिळे उपटून घ्यावेत. करवतीच्या पात्याला खिळा लागला की मिलवाला पात्याचे पैसे मागतो, आणि त्याचं चुकत नाही.

दुसऱ्या पानावर कामाचा क्रम लिहायचा. मी एकच कसोटी लावतो : हे पुढं बदलायचं झालं तर काय फोडावं लागेल? भिंतीतली वायर, नळाचे पाइप, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी ही कामं चुकली तर घर फोडावं लागतं. रंग चुकला तर नुसता हात फिरवावा लागतो. पडदा चुकला तर काढून ठेवता येतो. फोडावं लागणाऱ्या कामात काटकसर करायची नाही, आणि काढून ठेवता येणाऱ्या कामात कर्ज करायचं नाही. हातात चार लाख असतील तर निम्मे मी डोळे झाकून पहिल्या प्रकारासाठी बाजूला ठेवीन, आणि चाळीस हजार अडीअडचणीला. उरलेल्या एक लाख साठ हजारांत कपाटं, ट्रॉल्या, रंग आणि हौस.

लाईटचं काम पॉइंटवर मोजलं जातं. म्हणून प्रत्येक खोलीत उभं राहून पॉइंट मोजायचे : दिवा, पंखा, मोबाईलचं चार्जिंग, मिक्सर, फ्रिज, गिझर. दिवे-पंख्याला एक ते दीड चौरस मिलिमीटरची तार चालते, सोळा अँपिअरच्या पॉइंटला अडीचची आणि एसीला चारची घालतात. इन्व्हर्टरची लाईन पहिल्याच दिवशी वेगळी ओढून घ्यावी, मग इन्व्हर्टर दोन वर्षांनी आला तरी चालेल. आणि कुलर! मार्च ते जून आपल्याकडे कुलर घरातल्या माणसासारखा राहतो. त्याचा पॉइंट मात्र नव्या घरांत शंभरदा विसरलेला पाहिला आहे. त्याला खिडकीबाहेर स्टँड लागतो, ग्रीलमध्ये त्याच्या मापाची उघडी जागा लागते, खिडकीशेजारी बटण आणि हाताशी नळ लागतो. हे चारही आज केलं तर खर्च किरकोळ. नंतर केलं तर नव्या रंगावरून वायर लोंबते आणि दर उन्हाळ्यात बादल्या वाहाव्या लागतात.

पाण्याचंही तसंच. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या मुलखात आपण राहतो, तेव्हा साठवणीची जागा हा सजावटीच्याही आधीचा विषय. बाथरूमच्या लॉफ्टवर पाचशे लिटरची टाकी बसवायची म्हणजे पाचशे किलोचं ओझं. ते बीमवर येतंय की अधांतरी पडदीवर, हे गवंड्याला नाही, इंजिनिअरला विचारावं. बोअरचं पाणी जड असेल तर चकचकीत नळांवर आणि काळ्या टाईलवर पांढरे डाग धरतात. फिकट, खडबडीत टाईल तिथं स्वस्तही पडते आणि घासायलाही कमी लागते.

आता फरशी. इथं आकडेमोड सविस्तर करू, कारण लोक हमखास चुकतात ते इथंच. समजा २० बाय ३०च्या प्लॉटवरचं घर आहे आणि आतली फरशी भरते ४५० चौरस फूट. दुकानदार म्हणतो, ‘पंचेचाळीसची टाईल घ्या’. घरमालक ४५० गुणिले ४५ करतो आणि २०,२५० लिहितो. खरा हिशेब असा. कापाकापी आणि फूट म्हणून दहा टक्के धरले तर ४९५ चौरस फूट. दोन बाय दोनच्या चार टाईलचं एक खोकं, म्हणजे १६ चौरस फूट. झाली ३१ खोकी. भिंतीच्या पायाला चार इंचांची स्कर्टिंग लागते. एका टाईलमधून सहा पट्ट्या म्हणजे बारा फूट निघते. घराची एकूण स्कर्टिंग १३० फूट धरली तर अकरा टाईल, म्हणजे आणखी तीन खोकी. एक खोकं पुढच्या दुरुस्तीसाठी. एकूण ३५ खोकी, म्हणजे ७२० रुपयांनी २५,२००. ही नुसती टाईल. खालची वाळू-सिमेंट, फरशीवाल्याची मजुरी, फटीतला ग्राउट, गाडीभाडं आणि हमाली वेगळी. देशातली बहुतेक टाईल गुजरातमधल्या मोरबीहून येते. तेलगावकडून धारूरला येणारा माल घाट चढून येतो, म्हणून खोकी उतरवतानाच कोपरे बघून घ्यावेत. फुटकी टाईल दुसऱ्या दिवशी कुणाचीच नसते.

सगळी खोकी एका वेळी, एका शेड नंबरची घ्यावीत. तोच माल महिन्यानं आणला तर नाव तेच असतं, रंग हलकासा वेगळा येतो, आणि तो फरक खिडकीतून ऊन आलं की रोज दिसतो.

रंगाचं सोपं आहे. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट : चार भिंती ४४०, वरचा स्लॅब १२०, वजा एक दार आणि एक खिडकी ३७. म्हणजे ५२३ चौरस फूट. अशा खोलीला दोन हात पुट्टीची चाळीस किलोची एक गोणी लागते, भिंत वाकडीतिकडी असेल तर सव्वा-दीड. रंगवाल्याशी बोलताना दारं-खिडक्या वजा होणार का, हे आधी ठरवावं, एवढंच. आणि नवं प्लास्टर पुरतं वाळल्याशिवाय पुट्टी लावू देऊ नये, मुहूर्त कितीही जवळ आला असला तरी.

सुतारकामाचा दर मात्र समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांवर असतो आणि खर्च मागं लपलेला असतो. आमच्या घरातल्या पहिल्या कपाटाला पाठच नव्हती. दर स्वस्त वाटला म्हणून गुत्तं दिलं होतं. दोन पावसाळ्यांनंतर साड्यांना बुरशी लागली तेव्हा कळलं की कप्प्यांमागं सरळ भिंत आहे. तिलाच आतून रंग फासलेला. गुत्तेदार म्हणाला, पाठीचं बोलणंच झालं नव्हतं. खरंच झालं नव्हतं.

तेव्हापासून मी कपाट सुटं करून मोजतो. सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल असं दोन भागांचं कपाट घ्या. समोरून ४२ चौरस फूट. अठरा एमएमचा प्लाय किती लागेल? दोन बाजू आणि मधली उभी फळी, प्रत्येकी १४ फूट, म्हणजे ४२. वरची-खालची मिळून २४. सहा कप्पे, प्रत्येकी तीन बाय दोन, म्हणजे ३६. दारं ४२. बेरीज १४४. आठ बाय चारची शीट ३२ फुटांची, म्हणजे साडेचार. कटाईसकट पाच शीट. पाठीला सहा एमएमचा प्लाय ४२ फूट, म्हणजे दोन शीट, त्यातल्या दुसरीतली निम्मीअधिक उरून ओट्याखाली कामाला येते. सनमायका बाहेरून दोन शीट पुरतो. पण आतून? बाजू, कप्प्यांची वर-खालची अंगं, दारांची मागची बाजू आणि पाठ धरून २३६ चौरस फूट भरतात, म्हणजे आठ शीट. बाहेरच्या मायकाचा रंग निवडायला आपण दोन तास घालवतो, आणि त्याच्या चौपट मायका आत चिकटतो, त्याचं नावही निघत नाही.

दर गावोगाव आणि महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून पुढचे आकडे फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेत. अठरा एमएम ९० रुपये फूट, म्हणजे शीट २,८८०. पाच शीटचे १४,४००. पाठीचे २,८८०. बाहेरचा मायका ३,०००, आतला ५,६००. बिजागऱ्या, हँडल, कुलूप, फेव्हिकॉल, खिळे मिळून ५,०००. मजुरी समोरच्या फुटाला ४०० धरली तर १६,८००. एकूण ४७,६८०, म्हणजे समोरून मोजलं तर फुटाला साधारण १,१३५. आता कुणी मालासकट आठशेनं करून देतो म्हणाला, तर त्याला चोर म्हणायचं कारण नाही. यातलं काय गळलंय, तेवढं विचारायचं. पाठ, आतला मायका किंवा प्लायचा दर्जा, तिन्हींपैकी एक गेलेलं असतं.

दर्जा शिक्क्यावरून कळतो. आयएस ३०३चा एमआर प्लाय दमट हवा सोसतो, पाण्यात उभा राहत नाही, तो बेडरूमसाठी. दुकानात ज्याला ‘सातशेदहा’ म्हणतात तो आयएस ७१०चा प्लाय उकळत्या पाण्याची परीक्षा सोसणारा; तो सिंकखाली आणि बाथरूमच्या दाराजवळ. सगळं घर सातशेदहामध्ये करायची गरज नसते. प्लायवर आयएसआयच्या खुणेसोबत सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएसच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. दुकानातच बघावा, घरी आणून नाही.

आता त्याच कपाटासाठी भिंतीकडे वळू. प्लास्टरच्या आधी दोन बाजूंना विटेचे पाखे उचलले, मधे उभा कडप्पा, सहा कप्पे कडप्प्याचे आणि वर एक, तर कडप्पा लागतो ६२ चौरस फूट. साठ रुपये फूट धरला तर ३,७२०. विटा आणि गवंड्याची मजुरी चार हजार. सुताराकडे उरतात फक्त दारं आणि चौकट : दोन शीट प्लाय ५,७६०, मायका आत-बाहेर ४,४००, बिजागऱ्या वगैरे ४,०००, आणि काम अर्ध्यावर आल्यानं मजुरी ८,४००. एकूण ३०,२८०. एका कपाटामागं सतरा हजार वाचले. वाळवी दारापर्यंत आली तरी कप्पे खाणार नाही. उणी बाजूही सांगतो : हे कपाट हलवता येत नाही, कडप्प्याच्या कडा घासून घेतल्या नाहीत तर हात कापतो, आणि वरच्या मजल्यावर करायचं तर स्लॅबला ते ओझं झेपेल का, हे आधी विचारावं लागतं. तरी तीन कपाटांच्या घरात पन्नास हजारांचा फरक पडतो, आणि तो निर्णय घ्यायची मुदत प्लास्टरच्या आदल्या दिवसापर्यंतच असते. जुन्या फडताळाची ही नवी आवृत्ती मला प्लायच्या कपाटापेक्षा देखणीही वाटते. पण ती माझी आवड झाली.

स्वयंपाकघरात मोजमाप धावत्या फुटात होतं, आणि एल आकाराच्या ओट्यात एक गंमत असते. एका भिंतीला दहा फूट, दुसरीला सहा, म्हणून सोळा फुटांचं बिल येतं. पण ओटा दोन फूट रुंद असतो आणि कोपऱ्यातला दोन फुटांचा चौकोन दोन्हीकडून मोजला गेलेला असतो. खरा ओटा चौदा फुटांचा. ‘कोपरा एकदाच’ असं आधी बोलून घ्यावं. ग्रॅनाइटच्या काठाचं मोल्डिंग, सिंकचं भोक, गॅसच्या नळीचं भोक, मागची डॅडो टाईल यांचे दर वेगळे लागतात. ट्रॉली प्रत्येक नगावर. सुरुवातीला भांड्यांची एक, डब्यांची एक आणि चमच्यांची एक पुरते. बाकी खाली कडप्प्याचे कप्पे आणि पुढं पडदा ठेवला तर ट्रॉल्या पुढच्या वर्षी त्याच जागी बसतात.

ओट्याची उंची मात्र पुढच्या वर्षी बदलता येत नाही. सगळीकडे बत्तीस-चौतीस इंच सांगतात. घरात जी स्वयंपाक करते तिला उभं करून, कोपर वाकवून, त्याखाली चार ते सहा इंच मोजावेत. भाकरी थापायला वरून जोर लागतो. पोळीला लागतो त्यापेक्षा ओटा थोडा खालीच बरा. सासू पाच फूट आणि सून साडेपाच असेल, तर ओट्याचा एक तुकडा दोन इंच खाली घ्यायला फार खर्च येत नाही. हा प्रश्न ओटा बांधणारा पुरुष विचारत नाही आणि पैसे देणाराही विचारत नाही, म्हणून इथं लिहिला.

गुत्तं देण्याच्या दोन रीती. ‘मालासकट’ दिलं की डोक्याला ताप कमी, पण माल कुठला येतो ते आपल्या हातात राहत नाही. ‘मजुरीनं’ दिलं की दुकानाच्या चकरा आपल्या, आणि संध्याकाळी पाच वाजता ‘फेव्हिकॉल संपला’ हा फोनही आपल्यालाच. नोकरदारानं फरशी-लाईट मजुरीनं आणि सुतारकाम मालासकट द्यावं असं माझं मत. दोन्हीत एक चिठ्ठी हवी, साध्या कागदावर. प्लायची कंपनी, दर्जा आणि जाडी. मोजमाप समोरून की सुटं. पाठ आहे की नाही. हमाली कुणाची, राडारोडा कोण उचलणार. इसार किती आणि पुढचे पैसे कुठल्या टप्प्यावर. शेवटचे दहा टक्के दारं-कप्पे पंधरा दिवस वापरून झाल्यावर. चांगला कारागीर अशा चिठ्ठीला नाही म्हणत नाही, उलट त्यालाही पैसे मागायला तोंड राहतं. बिलाचंही बोलून घ्यावं. प्लाय, टाईल, रंग यांवर १८ टक्के जीएसटी आहे. सिमेंटचा २२ सप्टेंबर २०२५पासून २८चा १८ झाला. ‘कच्च्यात घ्या, स्वस्त पडेल’ हे ऐकायला गोड लागतं, पण प्लायची वॉरंटी पक्क्या पावतीवरच चालते.

राहिला पैसा येण्याचा हिशेब. शहरातलं बजेट महिन्याच्या पगारावर चालतं, आपलं हंगामावर. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्यापुढं. ज्यांचं घर ऊसतोडीच्या कोयत्यावर चालतं त्यांना मुकादमाची उचल कारखाना सुरू व्हायच्या आधी मिळते आणि ते परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. उचल म्हणजे अंगावरचं कर्ज; तिच्यावर पीओपी करू नये, इतकं स्पष्ट बोललेलं बरं. आसपासच्या खेड्यांत प्रधानमंत्री आवास योजनेचं घर मिळालं तर सपाट भागासाठी मूळ मदत १ लाख २० हजारांची आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे जेमतेम २७० चौरस फुटांचं. त्या घरात तर भिंतीतला कोनाडा आणि कडप्प्याची फळी हेच खरं इंटेरिअर. प्लायचं कपाट तिथं झोपायची जागा खातं.

काम हंगामाप्रमाणं तुकड्यांत करण्यात कमीपणा नाही. भिंतीतलं सगळं आधी, फरशी आणि ओटा त्याच दमात, मग राहायला जायचं. कपाटाची दारं पुढच्या सुगीला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या घरात काढला की ऊन कुठून येतं, ओल कुठं धरते आणि पोरं अभ्यासाला कुठं बसतात ते कळतं. त्यानंतर केलेलं फर्निचर सहसा चुकत नाही. जमा बाजूला मात्र हातातलेच पैसे लिहावेत. २०२३पासून बीड जिल्ह्यात किती जणांच्या ठेवी मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये अडकल्या हे कुणाला सांगायला नको. तो पैसा मिळेल तेव्हा मिळेल, वहीत आज तो शून्य.

कर्ज काढायचंच असेल तर वस्तूचं आयुष्य आणि हप्त्यांचं आयुष्य शेजारी ठेवून बघावं. घरकर्जात दोन लाख वाढवून घेतले, ९ टक्के व्याज आणि १५ वर्षं धरली, तर हप्ता २,०२९ रुपये बसतो आणि फेडीची बेरीज होते ३ लाख ६५ हजार. तेच दोन लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडले तर हप्ता ६,८३६, पण बेरीज २ लाख ४६ हजारांवर थांबते. हलका वाटतो तो हप्ता महाग असतो. फरशी आणि पाइप पंधरा वर्षं टिकतात, त्यांना लांब हप्ता शोभतो. सोफ्याचा स्पंज सात वर्षांत बसतो. पुढची आठ वर्षं हप्ते कशाचे भरायचे?

आणि वास्तुशांती. तिला वेगळी वही, वेगळं पाकीट. मांडव, जेवणावळ, आहेर यांचे पैसे फर्निचरच्या पैशातून जाऊ लागले की आठवडाभरात ट्रॉल्यांचे पैसे पंगतीत उठतात. मी हे दोन घरांत पाहिलंय, त्यातलं एक माझं.

सगळं झाल्यावर टाईलचं ते जादा खोकं जिन्याखाली जातं. त्यावरचा शेड नंबर, रंगाच्या डब्याच्या झाकणावरचा कोड आणि वायर कुठल्या भिंतीतून कशी गेली त्याचे प्लास्टरआधी काढलेले फोटो असं सारं त्याच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून, चिकटवून ठेवा. खोकं राहतं, पण त्यावरचं लेबल पहिल्याच पावसाळ्यात उंदीर कुरतडतात.